‘तासाभराने करतो’ म्हणजे नेमके केव्हा?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचकांनाही पुढील उत्तराचा संदर्भ लागावा म्हणून तो आधी थोडक्यात मांडते. आपण ३९ वर्षांचे आहात आणि हिंजवडीतील एका कंपनीत आपल्या हाताखाली बारा जण काम करतात. वडील ७४ वर्षांचे असून मध्य रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले आहेत आणि आईसह दौंडला राहतात. गेल्या महिन्यात त्यांचा सकाळी १०:२० ला फोन आला, तेव्हा आपण "मीटिंगमध्ये आहे, तासाभराने करतो" असे सांगितले आणि फोन केला तो रात्री ९:१५ ला. "असू दे, काही विशेष नव्हतं," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. ते दिवसभर घराबाहेर पडलेच नव्हते, संध्याकाळी फिरायलाही गेले नाहीत, हे दुसऱ्या दिवशी आईकडून कळले. याच वडिलांनी घराच्या छताच्या दुरुस्तीचा निर्णय मात्र आठ महिने "बघू, बघू" म्हणत टांगून ठेवला आहे. एका फोनला उशीर झाला तर रुसणारा माणूस आठ महिने इतका निवांत कसा राहू शकतो, आणि वेळेचे बदललेले गणित त्यांना समजावायचे कसे, असा आपला प्रश्न आहे.

मी २२ वर्षे कौटुंबिक समुपदेशनाचे काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत ज्येष्ठ आई-वडील आणि नोकरी करणारी मुले यांच्यातील कुरबुरींचे प्रमाण मोठे आहे. त्या अनुभवावरून सांगते की "कसे समजावू" या शब्दांत आपण एक गोष्ट गृहीत धरली आहे. गणित आपले बरोबर आहे आणि वडिलांना ते ठाऊक नाही, अशी ती समजूत. माझ्या मते वडिलांना आपल्या कामाचे स्वरूप बऱ्यापैकी कळते. अडचण शब्दांपाशी आहे. "तासाभराने", "नंतर", "लगेच", "बघू" हे शब्द आपण दोघेही वापरता, परंतु त्या शब्दांनी कोण कशाला बांधला गेला, याविषयी आपल्या दोघांची समजूत निराळी आहे.

पुढे जाण्यापूर्वी काही गोष्टी तपासून घ्याव्यात, कारण माझे उत्तर त्यांवर अवलंबून आहे. वडिलांना फोनवर नीट ऐकू येते का, हे पाहावे. वयानुसार ऐकू येणे कमी होते तेव्हा बहुधा आधी वरच्या पट्टीतील ध्वनी जातात, आणि स, श, त, क यांसारखी व्यंजने पुसट होतात. माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द मात्र लागत नाहीत, आणि तो संभाषण लवकर आटोपते घेतो. एकच प्रश्न दिवसातून अनेकदा विचारणे, आज कोणता वार आहे याचा गोंधळ होणे किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतून मन उडणे, असे काही गेल्या काही महिन्यांत नव्याने सुरू झाले असेल, तर समुपदेशकाआधी डॉक्टरांकडे जावे. आपल्या पत्रातून तसे दिसत नाही, म्हणून वडील सुदृढ आहेत असे धरून लिहिते.

आता त्या "तासाभराने"कडे वळू. आपल्या दृष्टीने त्या शब्दाचा अर्थ "या क्षणी जमत नाही, आठवण ठेवली आहे, सवड होताच करीन" असा होता. आपल्या कामात दिवसभर असेच बोलले जाते. "दहा मिनिटांत पाठवतो", "दुपारपर्यंत होईल", "आज संध्याकाळी बोलू" ही सारी वाक्ये अंदाजाची असतात, समोरचाही ती अंदाज म्हणूनच घेतो, आणि काम पुढे ढकलले गेले तर कोणाला अपमान वाटत नाही. शिवाय वाट पाहणाऱ्याच्या हाती तोवर दुसरी चार कामे असतात, त्यामुळे त्याचे फारसे बिघडत नाही.

वडिलांनी उभी हयात ज्या खोलीत काढली, तिथे वेळेच्या शब्दाचा अर्थ काय होता हे पाहा. गाडी पुढे सोडण्यासाठी स्टेशन मास्तरला पुढच्या स्थानकाकडून ‘लाइन क्लिअर’, म्हणजे मार्ग मोकळा असल्याची परवानगी, घ्यावी लागते. ती दिल्याची, घेतल्याची, गाडी निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ तास-मिनिटांत रजिस्टरमध्ये लिहिली जाते. एकदा लाइन क्लिअर दिली की ती गाडी पूर्ण आत येईपर्यंत त्या मार्गावर त्या दिशेने दुसरी गाडी घेता येत नाही. देणाऱ्याने तेवढा मार्ग अडवून धरलेला असतो. "तासाभराने करतो" हे आपले वाक्य त्यांनी अशा कानांनी ऐकले. त्यांनी ११:२० साठी मार्ग मोकळा ठेवला आणि गाडी येईना म्हणून तो तसाच धरून ठेवला. ते फिरायला गेले नाहीत, कारण फोन घरी आला आणि आपण बाहेर असलो तर रहदारीच्या आवाजात बोलणे होणार नाही, असा विचार त्यांनी केला असणार. आपण रात्री सव्वानऊला फोन केला तेव्हा आपल्या हिशेबी एक काम उरकले होते, आणि त्यांच्या हिशेबी दहा तासांचा खोळंबा झाला होता, ज्याचे कारण कोणी कळवलेही नव्हते.

येथे एक खुलासा करायला हवा. "जुनी पिढी घड्याळाची पक्की आणि नवी पिढी ढिली" असे मला म्हणायचे नाही, कारण याच्या अगदी उलट घडलेली घरेही मी पाहिली आहेत. कऱ्हाडजवळच्या एका गावातील शेतकरी जोडपे पुण्यात मुलाकडे राहायला आले होते. मुलगा आणि सून दोघेही मिनिटाला बांधलेले. सुनेने विचारावे, "आई, तुम्ही देवळातून किती वाजता याल?" आणि सासूबाईंनी उत्तर द्यावे, "येते की, ऊन कलल्यावर." सुनेला ते उत्तर उडवाउडवीचे वाटे. सासूबाईंना तिचा प्रश्नच उर्मट वाटे, कारण त्यांच्या गावात "किती वाजता" असे पाव्हण्याला विचारणे म्हणजे त्याने लवकर निघावे असे सुचवणे. ज्या माणसाचे आयुष्य न्याहारी, दुपार, गुरे परतण्याची वेळ, दिवेलागण अशा कामांच्या खुणांनी मोजले गेले, त्याला साडेपाच हा आकडा फारसे काही सांगत नाही. एडवर्ड हॉल या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने वेळ एकापाठोपाठ एक कप्प्यांत वाटून वापरणारे आणि एकाच वेळी अनेक माणसे व कामे सांभाळणारे, असे दोन प्रकार सांगितले होते. ही विभागणी उपयोगी आहे, पण ती संपूर्ण समाजांना किंवा पिढ्यांना चिकटवू लागले की फसते. माझ्या अनुभवात माणसाची वेळेची समज त्याच्या जन्मसालापेक्षा त्याने केलेल्या कामावरून अधिक ठरते. दोन पिढ्या भांडतात, कारण बहुतेक घरांत त्या दोन पिढ्यांनी अगदी वेगवेगळी कामे केलेली असतात.

घड्याळ हे सर्वांचे एकच असते, ही कल्पनाही फार जुनी नाही. विसावे शतक उजाडले तेव्हा मुंबईत शहराची वेळ वेगळी आणि रेल्वेची वेळ वेगळी होती. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले आणि ती मुंबईच्या वेळेपुढे सुमारे अर्धा तास असे. १९०६ च्या प्रारंभी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे होती. त्याच जानेवारीत मुंबईतील हजारो गिरणी कामगारांनी या बदलाविरुद्ध काम थांबवून निदर्शने केली आणि गिरण्यांवर दगडफेकही झाली. शहरात ‘मुंबई टाइम’ त्यानंतरही कित्येक दशके रेंगाळला. ३९ मिनिटांसाठी एवढे का, असे आज वाटेल. परंतु कामगाराच्या बाजूने पाहिले तर कोणीतरी दूर बसून त्याची पहाट ३९ मिनिटे अलीकडे ओढली होती, आणि त्याला विचारले नव्हते. घरातील वादांतही मला हाच सल वारंवार दिसतो. उशिराचे फारसे कोणी मनाला लावून घेत नाही. माझा वेळ दुसऱ्याने मला न विचारता वापरला, ही गोष्ट लागते.

आपल्या वडिलांच्या फोनची धाटणीही याच प्रकाशात पाहावी. आपण लिहिले आहे की, ते फोन करतात आणि "जेवलास का? बरं, ठेवतो" म्हणून मिनिटभरात ठेवून देतात, मग एवढ्यासाठी दुपारचा फोन कशाला, असे आपल्याला वाटते. त्यांच्या तरुणपणी बाहेरगावचा फोन ट्रंक कॉलचा होता. तो नोंदवायचा, तासन्‌तास लागण्याची वाट पाहायची, आणि तीन मिनिटे झाली की मध्येच ऑपरेटरचा आवाज. पुढे एसटीडीचे बूथ आले तेव्हा समोर लाल आकडे पळत असायचे, आणि रात्री दर उतरल्यावर बाहेर रांगा लागायच्या. त्या काळात फोन बातमी देण्यासाठी असे, गप्पा ओसरीवर होत. फोन लवकर ठेवणे ही समोरच्याच्या खिशाची काळजी होती. आज बोलणे जवळपास फुकट झाले तरी हात ठेवण्याची सवय तीच राहिली आहे. त्या मिनिटभरात "तू आहेस ना, ठीक आहेस ना" हे विचारून होते आणि त्यांचे काम होते. आपण त्यांच्या फोनचे मोल त्यातल्या मजकुरावरून करता, म्हणून तो आपल्याला रिकामा वाटतो.

आता "बघू"विषयी. माझ्या मते आपल्या प्रश्नाचा हा भाग अधिक नाजूक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक वर्षे अभ्यास करून असे मांडले आहे की, माणूस कशाला महत्त्व देतो हे त्याला पुढे किती काळ उरला आहे असे वाटते त्यावर ठरते. पुढे भरपूर काळ आहे असे वाटते तेव्हा माणूस नवी माहिती, नव्या ओळखी, दूरच्या फायद्याच्या गोष्टी यांकडे वळतो. काळ थोडा आहे असे वाटू लागले की जवळची माणसे आणि मनाला अर्थपूर्ण वाटणाऱ्या गोष्टी वर येतात. हा निव्वळ वयाचा परिणाम नव्हे. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे सोपवले जाण्याचा दिवस जवळ आला तसा तेथील तरुणांचा कलही वृद्धांसारखाच जवळच्या माणसांकडे झुकल्याचे त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले होते. काहीतरी संपत आहे ही जाणीव पुरेशी असते.

हे छताला लावून पाहा. आपण कंत्राटदाराचे तीन अंदाजपत्रक वडिलांना व्हॉट्सॲपवर पाठवले, आणि त्यांतील सर्वांत महाग प्रस्ताव का घ्यावा हे सांगताना "वॉटरप्रूफिंगची दहा वर्षांची गॅरंटी आहे" असे लिहिले. ३९ व्या वर्षी दहा वर्षे ही एक बचतीची मुदत असते. ७४ व्या वर्षी तोच आकडा ऐकताना माणूस मनातल्या मनात बेरीज करतो, आणि ती बेरीज तो कोणाला बोलून दाखवत नाही. तो "बघू" म्हणतो. आपल्या वडिलांच्या मनात नेमके हेच आहे असे मी येथून सांगू शकत नाही. कदाचित त्यांना पैसे जास्त वाटत असतील, कदाचित पावसाळ्यात घर उकरलेले नको असेल, कदाचित आईला पायऱ्या चढवत नाहीत म्हणून वरचा मजला वापरायचाच नाही असे त्या दोघांचे ठरले असेल. पण "बघू" हा एक शब्द या सर्व कारणांवर पांघरूण घालू शकतो, आणि आपण तो केवळ चालढकल म्हणून वाचला. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी सांगते की "बघू"ला "कधीपर्यंत?" असा प्रतिप्रश्न करू नये. "यातलं तुम्हाला काय खटकतंय?" असे विचारावे, आणि मग उत्तर येईपर्यंत गप्प बसावे.

गप्प बसण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण तेथे बरेच काही बिघडते. २००९ साली दहा भाषांतील संभाषणांचा एक तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास आढळले. म्हणजे दीड-दोन सेकंदांची शांतता आपल्या कानाला फार मोठी वाटते, आणि ती भरून काढण्यासाठी आपण बोलून टाकतो. वय वाढले की ऐकणे, अर्थ लावणे आणि शब्द शोधणे या प्रत्येक पायरीला थोडा अधिक वेळ लागतो. फोनच्या जाळ्यातील विलंब त्यात आणखी भर घालतो. एकदा एका मुलाने परवानगी घेऊन वडिलांशी झालेले बोलणे ध्वनिमुद्रित करून माझ्याकडे आणले. आम्ही तिघे ते ऐकत होतो. मुलगा विचारत होता, "डॉक्टर काय म्हणाले?" आणि लगेच, "गोळ्या बदलल्या का? बरं, रिपोर्ट पाठवा मला." वडिलांचा "ते म्हणाले की..." एवढाच आवाज दोनदा ऐकू आला, आणि दोन्ही वेळा तो पुढच्या प्रश्नाखाली बुडाला. मुलगा स्वतःचाच आवाज ऐकून खाली पाहत राहिला. त्याला मी एकच काम दिले होते: प्रश्न विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजायचे. महिन्याभराने तो सांगत आला की बाबा आता खूप बोलतात आणि त्यामुळे फोन लांबतो, ही एक नवीच अडचण झाली आहे.

परदेशी राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत घड्याळ याहून वेगळा खोडसाळपणा करते. नाशिकच्या एक आजी दर रविवारी सकाळी साडेसहाला न्यू जर्सीतील मुलीच्या फोनची वाट पाहत. मुलीचे तेव्हा शनिवारचे रात्रीचे नऊ वाजलेले असत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे तासभर मागे गेली, आणि पुढच्या आठवड्यापासून मुलीच्या नऊ वाजता इकडे साडेसात वाजू लागले. मुलीने नेहमीच्या वेळेलाच फोन केला. आजी मात्र साडेसहापासून अंघोळ उरकून, चहा गार करून फोनपाशी बसलेल्या होत्या आणि त्या तासाभरात त्यांनी नको नको ते सर्व मनात आणले. चूक कोणाचीच नव्हती. आता त्या घरच्या दिनदर्शिकेवर मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी लाल खूण केलेली असते, आणि ती आजी स्वतः करतात.

माझ्या हातून झालेली एक चूकही येथे सांगते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत असेच एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे आले असता, मी त्यांना एखाद्या छंदात मन रमवावे, म्हणजे मुलाच्या फोनची वाट पाहावी लागणार नाही, असा सल्ला दिला. ते शांतपणे उठले आणि जाताना म्हणाले, "बाई, मला वेळ घालवायचा नाहीये." पुढच्या वेळी मी त्यांना त्यांचा रोजचा दिवस कागदावर लिहून आणायला सांगितला. तो कागद असा होता: पहाटे साडेपाचला दूध, सहाला फिरणे, आठला पत्नीच्या मधुमेहाचे इंजेक्शन, दहाला बँक किंवा वीज बिल किंवा दवाखाना यांपैकी एक, दुपारी एकला जेवण, त्यानंतर पडणे, आणि "४ ते ४:२० गॅलरी, शाळेची बस". शेजारच्या लहान मुलीची आई कामावरून पाचला येई आणि बसमधून उतरलेली ती मुलगी जिना चढून घरात जाईपर्यंत हे गॅलरीत उभे राहत. कोणी सांगितलेले नव्हते, कोणाला ठाऊकही नव्हते. "तुम्हाला काय, वेळच वेळ आहे" हे वाक्य मी त्यानंतर कोणत्याही ज्येष्ठ माणसासमोर उच्चारलेले नाही, आणि आपल्या तोंडून ते कधी निघाले असेल तर वडिलांचे रुसणे त्या फोनपेक्षा जुने असण्याची शक्यता आहे. आठवून पाहा.

आता आपण काय करावे, ते सांगते. मीटिंगमध्ये फोन आला आणि बोलता येत नसेल, तर अंदाजाचा शब्द वापरू नये, पाळता येईल असाच आकडा द्यावा. "तासाभराने" म्हणण्याऐवजी "रात्री नऊला करतो" म्हणावे. नऊ ही वेळ उशिराची असली तरी चालते, कारण मग वडील संध्याकाळी निर्धास्त फिरायला जातील. त्यांना लवकर फोन हवा होता यापेक्षा कधी येणार हे कळायला हवे होते. नऊला जमणार नाही असे दिसले तर नऊ वाजण्यापूर्वी दोन शब्दांचा निरोप पाठवावा. नऊ वाजून गेल्यावर पाठवलेल्या क्षमायाचनेला त्या घरात फारशी किंमत नाही. आणि मुळात काहीच सांगता येत नसेल तर "आज जमणार नाही, उद्या सकाळी सव्वाआठला" असे स्पष्ट सांगावे. मुलांना असे सांगणे तुटक वाटते, पण वडीलधाऱ्यांना बहुधा लोंबकळत्या होकारापेक्षा स्वच्छ नकार सोसवतो.

याशिवाय आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा ठेवाव्यात, दहा मिनिटांच्याही चालतील, पण त्या हलवू नयेत. रोज फोन करीन असे कबूल करू नये. उत्साहाच्या भरात दिलेला रोजचा शब्द तिसऱ्या आठवड्यात मोडतो आणि मग परिस्थिती पहिल्यापेक्षा वाईट होते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. खरोखर तातडीचे असेल तेव्हासाठी दोघांत एक खूण ठरवावी. लागोपाठ दोन मिस्ड कॉल आले तर आपण मीटिंगमधून उठून बाहेर यायचे, एक आला तर तो साधा. रेल्वेत काम केलेल्या माणसाला संकेतांची ही भाषा शिकवावी लागणार नाही, आणि मला वाटते ती त्यांना आवडेलही. ती खूण ते विनाकारण वापरणार नाहीत.

छताचा विषय फोनवर काढू नये. अंदाजपत्रके छापून दौंडला न्यावीत, टेबलावर ठेवावीत आणि त्याच बैठकीत उत्तर मागू नये. "पुढच्या महिन्यात मी येईन तेव्हा बोलू, तोवर तुम्ही आणि आई पाहून ठेवा" असे म्हणून तारीख द्यावी. आपल्या कामात लगेच उत्तर देणे हे तत्परतेचे लक्षण मानले जाते. त्यांच्या काळी महत्त्वाच्या कागदावर त्याच दिवशी सही करणे उतावीळपणाचे मानले जाई. दहा वर्षांच्या गॅरंटीचा उल्लेख गाळून "येत्या पावसाळ्यात आईच्या खोलीत पाणी यायला नको" असे म्हणावे. काम तेच आहे, पण पुढे नजर टाकण्याचे अंतर त्यांना परवडणारे आहे.

जुळवून घेण्याचे सारे ओझे आपणच उचलावे, असे मात्र माझे म्हणणे नाही. वडिलांनाही काही सांगायला हवे आणि ते सांगण्याचा आपल्याला हक्क आहे. सकाळी दहा ते साडेदहा या वेळात आपल्या कामाची रोजची बैठक असते, तेव्हा फोन उचलता येत नाही, हे कारणासह एकदा नीट सांगावे. "बिझी असतो" हा शब्द वापरू नये. त्या बैठकीत नेमके काय होते, बारा जणांपैकी कोणाचे काम कोणावर अडलेले असते, कोणाला आधी सोडायचे आणि कोणाला थांबवायचे हे आपण कसे ठरवता, ते त्यांना सविस्तर सांगून पाहा. एका गाडीला वाट देण्यासाठी दुसरी बाजूच्या लाइनवर घेण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना हे न कळण्याचे काही कारण नाही. बहुतेक मुले आपले काम आई-वडिलांना समजणार नाही असे धरून चालतात आणि मग त्यांना काही समजत नाही अशी तक्रार करतात.

एक आक्षेप आपण घ्याल, तो मला दिसतो आहे. महिनाअखेरीच्या गडबडीत रात्रीचे नऊसुद्धा आपल्या हातात नसतात. ते मान्य आहे. तेव्हा त्या आठवड्याचे आधीच सांगून टाकावे: "२५ ते ३१ माझा फोन येणार नाही, १ तारखेला येईल." लेकराने आठ दिवस फोन करणार नाही असे तोंडावर सांगितले तर वडिलांना वाईट वाटेल, असे आईच आपल्याला सांगेल. थोडे वाटेलही. पण ते आठ दिवस त्यांचे स्वतःचे राहतील.

सुरुवात याच आठवड्यात करा, आणि पहिली वेळ ठरवताना वडिलांना विचारून ठरवा. त्यांच्या दिवसात कोणती जागा मोकळी आहे हे आपल्याला ठाऊक नाही. ते कदाचित "एकवीस शून्य शून्य" असे उत्तर देतील. तसे झाले तर आठ अठ्ठावन्नला फोन करू नका, नऊलाच करा.